४० मीटरचा एसएसबी संच: बांधणीच्या आणि बदलांच्या नोंदी

२ जून २०२४

किटच्या पिशव्या उघडून सगळे भाग डब्यांत लावले. एकाच बँडचा, ७ मेगाहर्ट्झचा एसएसबी ट्रान्सीव्हर आहे, म्हणजे हौशी रेडिओचा ऐकायचा-बोलायचा संच; एसएसबीत वाहक लहर गाळून आवाजाची एकच बाजू (साइडबँड) पाठवतात. रचना बिटएक्सच्या घराण्यातली, म्हणजे अश्हर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांनी हौशी मंडळींमध्ये रुजवलेली: पाठीला पाठ लावून बसवलेले अँप्लिफायर, रिसीव्ह करताना एकाला वीज, ट्रान्समिट करताना दुसऱ्याला, आणि मधला क्रिस्टल फिल्टर व मिक्सर दोन्ही कामांना तेच. भाग कमी लागतात, आणि रिसीव्हर नीट चालला की ट्रान्समीटरचं निम्मं काम परस्पर तपासून होतं.

आराखडा असा: अँटेनाकडून ७.० ते ७.२, व्हीएफओ (स्टेशन लावायला फिरवायचा ऑसिलेटर) ५.० ते ४.८, दोघांची बेरीज १२ मेगाहर्ट्झची आयएफ, म्हणजे फिल्टर जिथे काम करतो ती मधली फ्रिक्वेन्सी. बीएफओ, म्हणजे गाळलेल्या वाहकाच्या जागी लागणारा ऑसिलेटर, क्रिस्टलचा. व्हीएफओ एसआय५३५१ चिपमधून, तिच्यावर छोटा आर्डुइनो आणि दोन ओळींचा डिस्प्ले.

माहितीपत्रक सांगतं की आधी सगळे रेझिस्टर बसवा, मग सगळे कॅपॅसिटर, मग ट्रान्झिस्टर. बोर्ड सुबक दिसतो तसा. पण शेवटी वीज दिली आणि काहीच बोललं नाही, तर शोधायचं कुठे? मी एकेक टप्पा बांधून, त्याला वीज देऊन, तो चालतोय हे पाहूनच पुढे सरकणार. सुरुवात स्पीकरच्या टोकाकडून.

कॅपॅसिटर एलसी मीटरवर मोजून कागदावर चिकटवून ठेवले. ४७१ छापलेला असेल तर ४७० पिकोफॅरड, आणि ४७० छापलेला असेल तर ४७. नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट. फिल्टरमध्ये जाणारे सगळे एनपीओ (तापमानाने न सरकणारे) आहेत ना, तेही पाहून घेतलं. साधे डिस्क सिरॅमिक बायपासला चालतात, ट्यून्ड सर्किटमध्ये तापले की सरकतात.

३ जून

ऑडिओ झाला. एलएम३८६, पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड, म्हणजे गेन २००. इनपुटला बोट लावल्यावर मेन्सची घरघर खणखणीत आली. आउटपुटला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी किटमध्ये नव्हती, ती लावली. ती नसली तर ही चिप लांब वायरच्या हेडफोनवर स्वतःच गुणगुणायला लागते.

८ जून

आजचा दिवस क्रिस्टलांचा. पिशवीत १२ मेगाहर्ट्झचे दहा आहेत, फिल्टरला चार लागतात. कुठलेही चार घेऊन फिल्टर बनतो, पण त्याचा माथा खड्ड्याखड्ड्यांचा येतो. म्हणून एका ट्रान्झिस्टरचा कोल्पिट्स ऑसिलेटर सुट्या बोर्डावर उभा केला, क्रिस्टलसाठी सॉकेट ठेवलं आणि फ्रिक्वेन्सी काउंटर जोडला. ऑसिलेटरमध्ये येणारा आकडा क्रिस्टलच्या खऱ्या सीरीज रेझोनन्सपेक्षा थोडा वर असतो, पण आपल्याला आकड्यांमधला फरकच हवाय, त्यामुळे बिघडत नाही.

क्रिस्टल चिमट्याने खोचायचा. बोटांनी धरला की डबी गरम होते आणि काउंटरचा शेवटचा आकडा बराच वेळ एकाच दिशेने सरकत राहतो. तो थांबला की लिहायचं आणि डबीवर मार्करने नंबर टाकायचा. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा यांच्यात ३१० हर्ट्झचं अंतर निघालं. मधले चार मात्र ३५ हर्ट्झच्या आत सापडले, ते फिल्टरला गेले.

फिल्टर बसवून नॅनोव्हीएनएवर, म्हणजे फिल्टरचा आलेख काढणाऱ्या छोट्या मापकावर, पाहिला. हा फिल्टर साधारण २०० ओहमला बसतो, मापक ५० चा. म्हणून दोन्ही बाजूंना १५० ओहमचे रेझिस्टर मालिकेत टाकले. त्या रेझिस्टरांचाच १२ डेसिबल तोटा दिसतो, तो वजा करून वाचायचं. नाहीतर चांगला फिल्टरही भिकार वाटेल. किटमधल्या १०० पिकोफॅरडवर ६ डेसिबलची रुंदी १.९ किलोहर्ट्झ भरली. बोलण्यासाठी ही मला आखूड वाटते. कॅपॅसिटर लहान केला की फिल्टर रुंद होतो आणि त्याचा इंपीडन्स थोडा चढतो. ८२ पिकोफॅरड लावल्यावर २.२ किलोहर्ट्झ मिळाली: खालचा काठ ११.९९६०, वरचा ११.९९८२. माथ्यावर दीड डेसिबलची लहर आहे, ती कानाला कळणार नाही. हे दोन आकडे पुढे सारखे लागणार आहेत.

९ जून

टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायचे कड्यासारखे कोअर. पिवळ्या टी३७-६ चा आणि काळ्या एफटी३७-४३ चा ढीग वेगळा केला. मोजण्याचा नियम एकच: तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. बाहेरून मोजायला गेलं की एक कमी येतो.

मिक्सरचे ट्रायफायलर ट्रान्सफॉर्मर तीन रंगांच्या इनॅमल तारा एकत्र पिळून केले. एकाच रंगाच्या तारा असल्या की मीटरने टोकं शोधत बसावं लागतं; तीन रंगांत तो प्रश्नच उरत नाही. मिक्सरचे १एन४१४८ डायोड मीटरच्या डायोड रेंजवर जुळवले. इथेही चिमटाच हवा, कारण डायोडचा व्होल्टेज तापमानाने हलतो.

१५ जून

रिसीव्हर बोलला. अँटेना म्हणजे सध्या साधा डायपोल, दोन्ही हात दहा-दहा मीटरचे. पूर्ण लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, एवढंच सूत्र. बीएफओ ट्रिमरने ११.९९८५ वर आणला, म्हणजे फिल्टरच्या वरच्या काठापासून ३०० हर्ट्झ बाहेर. एलएसबी (खालचा साइडबँड) लगेच उलगडला, आवाज मोकळा आहे.

डायल बरोबर दाखवतोय का, हे तपासायला रीजन १ आणि ३ मध्ये (आंतरराष्ट्रीय वाटपातले साधारण युरोप-आफ्रिका आणि आशिया-ऑस्ट्रेलियाचे भाग) ७.२ च्या वरची प्रसारण केंद्रं फार सोयीची. त्यांचे वाहक ५ किलोहर्ट्झच्या पटीत आणि चोख असतात. शून्य ठोका (दोन फ्रिक्वेन्सी जुळून सूर नाहीसा होतो ती जागा) कानाने साधत बसत नाही, कारण तिथला खालचा सूर फिल्टरच खातो. त्याऐवजी डायल वाहकाच्या बरोबर १ किलोहर्ट्झ वर ठेवायचा आणि स्पीकरमधला सूर फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये मोजायचा. १००० हर्ट्झ आला की डायल खरा. इथे १०७० आला. या ७० मध्ये एसआय५३५१ च्या क्रिस्टलची चूक किती आणि बीएफओ मी मानलाय तिथे नसल्याची किती, हे या एका मापातून सुटं करता येत नाही. दोन अज्ञात, एक समीकरण.

१६ जून

बँड खालून वर फिरवत गेलो. ७.१९९ च्या आसपास एक जोरदार शिट्टी. अँटेना काढली तरी तशीच, म्हणजे बाहेरची नाही.

या शिट्टीचं वागणं पाहण्यासारखं आहे. खऱ्या वाहकावर डायल १०० हर्ट्झ हलवला की सूर १०० हर्ट्झच हलतो. ही शिट्टी ५०० नी पळते. फोनवर मोजून पाहिलं, दरवेळी पाचपट. म्हणजे व्हीएफओची पाचवी हार्मोनिक कुठेतरी गुंतली आहे. ७.१९९ ला व्हीएफओ ४.७९९४ वर असतो. त्याची पाचपट २३.९९७. आणि बीएफओची दुप्पट? ११.९९८५ गुणिले दोन, २३.९९७. बरोबर एकमेकांवर बसतात आणि त्यांचा ठोका ऑडिओत उतरतो.

१२ ची आयएफ आणि त्याखाली ५ चा व्हीएफओ घेतला की हे ठरलेलंच आहे. कुणी कितीही नीट सोल्डर करो, शील्डिंगचे पत्रे लावो, शिट्टी कमी-जास्त होईल, जाणार नाही. गुणोत्तरच दोनास पाच आहे. ‘७.१९९ वर बोलतं कोण, सोडून दे’ असंही म्हणता येतं. पण ७.१ ते ७.२ हा तुकडा रीजन १ आणि ३ मधल्या हौशींना प्रसारणवाल्यांच्या गर्दीतून मोकळा मिळाला तोच मार्च २००९ मध्ये. त्यातलं टोक आपणच आपल्या शिट्टीला देऊन टाकायचं, हे काही पटत नाही.

२२ जून

आठवडाभर कागदावर आकडेमोड केली. व्हीएफओ खाली ठेवायच्या ऐवजी वर न्यायचा: ७ आणि १२ ची बेरीज, म्हणजे १९ च्या घरात. आयएफ तीच १२, पण आता ती व्हीएफओमधून सिग्नल वजा करून येते. सिग्नल वजाबाकीत गेला की साइडबँड उलटतो. अँटेनावरचा एलएसबी फिल्टरपाशी यूएसबी (वरचा साइडबँड) होऊन पोचतो. म्हणून बीएफओही फिल्टरच्या वरच्या काठावरून खालच्या काठावर यायला हवा, ११.९९८५ वरून ११.९९५७ वर.

क्रिस्टलच्या बीएफओला हा पल्ला ट्रिमरने गाठता येत नाही. मालिकेत कॉइल टाकून त्याला खाली ओढता येतं, पण मग तो जागेवर राहत नाही. एसआय५३५१ ला तीन आउटपुट आहेत आणि किट त्यातलं एकच वापरतं. तेव्हा बीएफओही तिथूनच. व्हीएफओ सीएलके० वर, बीएफओ सीएलके२ वर, मधला सीएलके१ बंद. शेजारशेजारचे आउटपुट घेतले तर एकाचं दुसऱ्यात झिरपतं, म्हणून मध्ये रिकामी जागा.

चिपमधला पीएलएल (ज्याची फ्रिक्वेन्सी भाजकाने भागून आउटपुट मिळतं तो भाग) ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये चालवायचा असतो. बीएफओसाठी भाजक ६० धरला, पीएलएल ७१९.७४२ वर आला. व्हीएफओसाठी भाजक ४४; पूर्ण बँडभर पीएलएल ८३५.८ ते ८४४.६ च्या दरम्यान राहतो, मर्यादेत. दोन्ही भाजक सम पूर्णांक, आणि व्हीएफओ फिरवताना फक्त पीएलएल हलवायचा. भाजक सारखा बदलत ठेवला तर ट्यून करताना टिचक्या ऐकू येतात.

चिपचा चौकोनी सिग्नल तीनेक व्होल्ट पीक-टू-पीकचा असतो, बॅलन्स्ड मॉड्युलेटरला (आवाज चढवताना वाहक दाबणारा टप्पा) तो फार. जुन्या बीएफओचा डिटेक्टरवरचा व्होल्टेज स्कोपवर आधीच मोजून ठेवला होता. तेवढाच मिळेल असा तीन रेझिस्टरांचा पॅड मध्ये घातला आणि बीएफओचा ट्रान्झिस्टर बोर्डावरून उतरवला.

एका वेळी एकच बदल, म्हणून आधी फक्त बीएफओ चिपवर नेला आणि व्हीएफओ खालीच ठेवून ऐकलं. शिट्टी होती तशीच. मग व्हीएफओ वर नेला. गेली!

अगदी समूळ नाही. आता पाचपट व्हीएफओ आणि आठपट बीएफओ ७.१९७४ ला भेटतात. पण आधी दोन आणि पाच मिळून सातवी पायरी होती, आता आठ आणि पाच मिळून तेरावी, आणि पायरी जितकी वरची तितकी शिट्टी कमजोर. अँटेना काढून, आवाज पूर्ण चढवून, तिथेच कान लावला तर पुसट ऐकू येते. अँटेना लावली की बँडच्या खरखरीत बुडून जाते.

यातून न मागता दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, इमेज, म्हणजे नको असताना मिक्सरमधून तीच आयएफ देणारी दुसरी फ्रिक्वेन्सी. आधी ती १७ मेगाहर्ट्झला पडायची, १६ मीटरच्या प्रसारण बँडाच्या दाराशी. आता ३१ च्या पुढे, तिथे पुढचा बँडपास फिल्टर तिला उभंही करत नाही. दुसरी, डायल. व्हीएफओ आणि बीएफओ आता एकाच क्रिस्टलवरून येतात आणि डायल म्हणजे त्यांची वजाबाकी. अज्ञात एकच उरला. प्रसारण केंद्रावर १ किलोहर्ट्झचा प्रयोग पुन्हा केला, चिपच्या क्रिस्टलची दुरुस्ती कोडमध्ये टाकली, आणि आता बँडच्या दोन्ही टोकांना सूर १००० च्या आसपास राहतो.

२३ जून

शिट्टी गेल्यावर तिच्यामागची टिकटिक ऐकू यायला लागली. डिस्प्लेची. किटचं कोड सेकंदाला कितीतरी वेळा तोच आकडा पुन्हा लिहीत होतं. फ्रिक्वेन्सी बदलली तरच लिही, एवढी एक अट टाकली. शिवाय डिस्प्ले आणि आर्डुइनोच्या वीजेच्या वाटेत १० ओहम व ४७० मायक्रोफॅरड. शांत.

२९ जून

ट्रान्समिटची बाजू. ही सगळी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर पचवणाऱ्या रेझिस्टरांवर. १ किलोओहम, २ वॉटचे वीस रेझिस्टर समांतर, म्हणजे ५० ओहम आणि ४० वॉट. तार गुंडाळलेले रेझिस्टर इथे कामाचे नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात.

शेवटचा ट्रान्झिस्टर आयआरएफ५१०. याचा धातूचा पत्रा म्हणजे ड्रेन, आणि हीटसिंक जमिनीला, म्हणून मध्ये अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिकची बूच. वीज देण्याआधी पत्रा आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावून पाहायचं. ओहमचा कुठलाही आकडा दिसला तर थांबायचं.

बायस, म्हणजे ड्राइव्ह नसतानाचा ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह, लावण्याची पद्धत किटच्या पत्रकात एका ओळीत उरकली आहे, आणि सगळ्यांत जास्त आयआरएफ५१० तिथेच मरत असणार. गेटचा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, दुसऱ्याचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. ट्रिमपॉट आधी पूर्ण जमिनीकडे. माइक काढून ठेवायचा, म्हणजे ड्राइव्ह शून्य. ड्रेनच्या वाटेत अँपिअरमीटर. पीटीटी (बोलायचं बटण) दाबून ट्रिमपॉट अगदी हळू वर. माझ्याकडच्या नगाला ३.४ व्होल्टपर्यंत काहीच हललं नाही आणि मग एकदम चढायला लागला. १०० मिलिअँपिअरवर ठेवून पाच मिनिटं पाहिलं: हीटसिंक कोमट झाला, प्रवाह ११० वर जाऊन तिथेच राहिला. तो चढतच गेला असता तर हीटसिंक अपुरा समजायचा.

वाहक दाबण्यासाठी बॅलन्स्ड मॉड्युलेटरला एक ट्रिमपॉट आणि एक ट्रिमर आहे. दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात; एकाने तळ गाठला की दुसऱ्याने आणखी खाली जाता येतं, मग परत पहिला. शेवटी पूर्ण पॉवरच्या ४६ डेसिबल खाली गेला.

६ जुलै

स्वच्छता तपासली. १३.८ व्होल्टवर माइकमध्ये एक सूर देऊन डमी लोडवर ५० व्होल्ट पीक-टू-पीक. वर्ग करून ४०० ने भागायचं: सव्वासहा वॉट. प्रवाह १.०५ अँपिअर. मग ४० डेसिबलचा अटेन्युएटर मध्ये घालून टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर) जोडला. सहा वॉट सरळ दिले तर तो बिचारा तिथेच संपेल.

दुसरी हार्मोनिक, १४.२ वर, मूळ सिग्नलच्या ४१ डेसिबल खाली. अमेरिकेच्या नियमात १ जानेवारी २००३ नंतर बसवलेल्या, ३० मेगाहर्ट्झखालच्या ट्रान्समीटरला निदान ४३ डेसिबल लागतात. मी तोच गज धरतो. एकाच मोसफेटच्या अँप्लिफायरला सम हार्मोनिक भरपूर असतात. पुश-पुलमध्ये त्या बऱ्याच कटतात, इथे ती सोय नाही. किटचा लोपास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) पाच घटकांचा, त्याच्याकडून जास्त अपेक्षाही नव्हती.

सात घटकांचा केला. कडेचे कॅपॅसिटर २७० पिकोफॅरड, मधले दोन ६८०. कडेच्या दोन कॉइल टी३७-६ वर २१ वेढे, मधली २४. या कोअरला वेढ्यांचा वर्ग गुणिले ३ नॅनोहेन्री, म्हणजे १.३२ आणि १.७३ मायक्रोहेन्री. वेढे कोअरच्या तीन चतुर्थांश भागात पसरवून बसवले. मधली कॉइल बाकी दोघींना काटकोनात. दुसरी हार्मोनिक ५७ वर गेली, तिसरी दिसेनाशी झाली. पॉवर जेमतेम कमी झाली.

मग एक उत्सुकता म्हणून जुनं कोड परत चढवलं: व्हीएफओ ४.९ वर, बीएफओ वरच्या काठावर. टायनीएसएवर ४.९ ला ठळक काडी, ४४ डेसिबलवर. हा मिक्सरमधून गळणारा व्हीएफओ. लोपास फिल्टर ७ मेगाहर्ट्झला जाऊ देतो, मग ४.९ ला का अडवेल? नवीन कोडमध्ये हीच गळती १९.१ ला जाते आणि त्याच लोपासच्या तोंडावर आपटते: ६३ डेसिबल खाली. शिट्टीसाठी केलेला बदल ट्रान्समीटरच्या इतका कामी येईल असं कागदावर दिसलं नव्हतं. सोल्डरिंग आयर्न घेऊन जे बदल केले त्या सगळ्यांपेक्षा फ्रिक्वेन्सीच्या आराखड्यातल्या या एका फेरफाराने जास्त दिलं, आणि त्याला खर्ची पडले तीन रेझिस्टर.

७ जुलै

दोन सुरांची चाचणी, ७०० आणि १९०० हर्ट्झ. स्कोपवर मण्यांची माळ दिसते. माइक गेन चढवत गेलं की मण्यांचे माथे सपाट व्हायला लागतात; त्याच्या जरा आधी थांबायचं. ते साडेचार वॉट पीकला आलं. एका सुराला सहा मिळतात म्हणून बोलतानाही सहाच काढायचे, हा हट्ट शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाल्याच्या मुळावर येतो. माइक गेनच्या नॉबवर तिथे खूण केली.

१३ जुलै

डमी लोडवर शहाणं असलेलं यंत्र अँटेनावर किंचाळलं. आवाज चढवला की ट्रान्समिटमध्ये ऊंऽऽ असा सूर. अँटेनाच्या केबलच्या, म्हणजे कोॲक्सच्या, बाहेरच्या बाजूने आरएफ (आपलीच रेडिओ लहर) परत येऊन माइकच्या वायरीत शिरत होता. माइकच्या सॉकेटलाच १ नॅनोफॅरड जमिनीकडे आणि मालिकेत १०० मायक्रोहेन्रीची छोटी चोक. निम्मं गेलं. उरलेलं डायपोलच्या मध्यावर कोॲक्स फेराइट रिंगवर गुंडाळल्यावर गेलं. खरा इलाज हा दुसराच, पहिला औषधापुरता.

१४ जुलै

पहिला संपर्क. सिग्नलचा रिपोर्ट ५-७ मिळाला, सोबत तक्रार: आवाज नाकातून येतोय. समोरचा ऑपरेटर थांबायला तयार होता, म्हणून त्याच्या कानासमोरच जुळवणी केली. बीएफओ कोडमध्ये असल्याचा हा फायदा. क्रिस्टलचा असता तर झाकण उघडून ट्रिमर शोधावा लागला असता. बटण दाबून ५०-५० हर्ट्झने फिल्टरच्या काठाकडे सरकवत गेलो, व्हीएफओ कोडमध्ये त्याच्याबरोबर आपोआप सरकतो. १०० हर्ट्झ आत, ११.९९५८ ला, ‘आता माणूस वाटतोस’ असं उत्तर आलं. अजून ५० आत गेल्यावर घुमायला लागला.

याची किंमत आहेच. वाहक फिल्टरच्या काठाजवळ आला की फिल्टर त्याला कमी दाबतो. संध्याकाळी मोजलं तेव्हा ४६ चे ४२ झाले होते. मॉड्युलेटरचे ट्रिमपॉट-ट्रिमर पुन्हा हलवून ४४ पर्यंत आणला. आणखी खोल आवाज हवा तर आता माइकचा कॅपॅसिटर बदलीन, बीएफओला हात लावणार नाही.

२७ जुलै

एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट. किटमध्ये नाहीच, आणि जवळचं स्टेशन एकदम बोललं की हेडफोन काढून फेकावेसे वाटतात. आयएफमधून एजीसी करणं जास्त शास्त्रशुद्ध, पण त्यासाठी दुतर्फी अँप्लिफायर फोडावे लागतील; एवढ्याशा संचाला ते जड आहे. ऑडिओतूनच केलं. एलएम३८६च्या आउटपुटवरून दोन १एन४१४८ नी डीसी बनवला, तो ४.७ मायक्रोफॅरडवर साठवला, शेजारी २२० किलोओहम, म्हणजे सोडायला साधारण एक सेकंद. तो डीसी २एन७००० च्या गेटवर. मोसफेट ऑडिओच्या पहिल्या टप्प्याच्या इनपुटला आडवा लावला, तिथे सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, त्यामुळे तो फारसा विकृत करत नाही. व्हॉल्यूम पॉटच्या पुढे लावून पाहिला होता, तिथे मोठा आवाज चिरकतो.

सुरुवातीचा धक्का पूर्ण जात नाही, पहिला शब्द जोरातच येतो. चालेल.

३ ऑगस्ट

शेवटच्या ट्रान्झिस्टरला वेगळे २४ व्होल्ट द्यावेत, वीस वॉट मिळतील, असा सल्ला दोघातिघांनी दिला. गणित केलं. सहाचे वीस म्हणजे सव्वापाच डेसिबल. एस-मीटरचं एक घर सहा डेसिबलचं. म्हणजे समोरच्याला एक घरही पूर्ण वाढलेलं दिसणार नाही. बदल्यात दुसरा पॉवर सप्लाय, मोठा हीटसिंक, नव्याने बायस, आणि लोपासच्या कॅपॅसिटरांवर जास्त व्होल्टेज. नाही करणार. त्यापेक्षा डायपोल अजून दोन-तीन मीटर वर चढवला तर ऐकण्यातही फायदा आहे.

सीडब्ल्यू (मोर्स) मात्र घालायचं आहे, आणि मोकळा सीएलके१ त्यासाठीच. ट्रान्समिटला व्हीएफओ, बीएफओ दोन्ही बंद करून सीएलके१ मधून थेट ७ मेगाहर्ट्झ ड्रायव्हरला द्यायचे. मिक्सर वापरातच नाही, म्हणजे त्याची गळतीही नाही. मोर्सची की मात्र चिपवर मारायची नाही. चिप क्षणात चालू-बंद होते आणि त्या धारदार कडांमुळे आजूबाजूला टकटक पसरते. ड्रायव्हरची वीज एका पीएनपी ट्रान्झिस्टरमधून, चढ-उताराला ५ मिलिसेकंद मिळतील अशा आरसीने. ट्रान्झिस्टर बोर्डाच्या मागच्या बाजूला बसेल, लोपासच्या शेजारी जागा मोजून ठेवली आहे.